हौशी नाटक: हौस कुठे संपते, काम कुठे सुरू होतं? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

सांगलीत गेली बावीस वर्षं मी हौशी नाटक करतो. दिवसा नोकरी, रात्री साडेआठनंतर तालीम. तालमीला येणारी नवी मुलं, त्यांचे आईवडील, ऑफिसातले सहकारी आणि कार्यक्रमाला बोलावणारे लोक तेच ते प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं एकदा नीट लिहून काढावीत असं बरेच दिवस मनात होतं.

तुम्ही स्वतःला हौशी म्हणवता. म्हणजे शिकाऊ का?

नाही. ज्याचं पोट नाटकावर नाही तो हौशी. त्याला किती येतं आणि तो किती जीव ओततो याच्याशी या शब्दाचा संबंध नाही. आपल्याकडे हौशी, प्रायोगिक आणि व्यावसायिक अशा वाटा मानतात आणि त्यांच्यातून माणसं सतत इकडून तिकडे जात असतात.

इतिहासही सरळ नाही. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ हे मराठीतलं पहिलं मानलं जाणारं नाटक केलं ते इथल्या राजेसाहेबांच्या आश्रयाने. राजे गेले, आश्रय सुटला, आणि मंडळी दौऱ्यावर निघाली. १८५३ साली मुंबईत तिकीट लावून खेळ झाले. म्हणजे मराठी नाटक जन्मानंतर दहा वर्षांतच पोटासाठी घराबाहेर पडलं. पुढे १८८० साली ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणणारे अण्णासाहेब किर्लोस्कर तेव्हा सरकारी कचेरीत नोकरीला होते. आज त्यांना कोणी हौशी म्हणणार नाही, पण पहिला पडदा उघडला तेव्हा ते आमच्यासारखेच दिवसा कचेरी करून नाटकाकडे येत होते.

पैसे घेतले की मजा जाते, हे खरं आहे का?

थोडं खरं आहे, पण पैशाकडे बोट दाखवून ते पूर्ण कळत नाही.

१९७३ साली अमेरिकेत स्टॅनफर्डच्या बालवाडीत मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. चित्रं काढायची मनापासून आवड असलेली मुलं निवडली आणि त्यांचे तीन गट केले. एका गटाला आधीच सांगितलं, की चित्र काढलंत तर सोनेरी शिक्क्याचं, फीत लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. दुसऱ्या गटाला तेच प्रशस्तिपत्र दिलं, पण न सांगता, चित्र काढून झाल्यावर. तिसऱ्याला काहीच नाही. काही दिवसांनी मोकळ्या वेळात तेच स्केचपेन पुन्हा समोर ठेवले. बक्षिसाच्या बोलीवर चित्रं काढलेली मुलं इतरांच्या निम्माच वेळ चित्रांत रमली. अचानक बक्षीस मिळालेल्या मुलांची आवड मात्र कमी झाली नव्हती.

मला यातलं दुसरं निरीक्षण जास्त मोलाचं वाटतं. बक्षीस दोन्ही गटांना तेच मिळालं होतं. बिघडवलं ते बोलीने. ‘हे कर म्हणजे ते देईन’ असं म्हटलं की हातातलं काम दुसऱ्या कशाची तरी पायरी होऊन बसतं.

आता हेच नाटकात. स्वतःच्या हौसेचं नाटक मी आज रात्री थांबवू शकतो. संहिता आवडली नाही तर बाजूला ठेवतो, तारीख पुढे ढकलतो. सुपारी घेतली, म्हणजे पैसे घेऊन प्रयोग करायचं कबूल केलं, की ते स्वातंत्र्य जातं. ताप असो, घरात दुःख असो, तिसरी घंटा झाली की रंगमंचावर जावंच लागतं. व्यावसायिक नटांबद्दल मला सगळ्यात जास्त आदर वाटतो तो याच गोष्टीचा. तेव्हा पैसा आला की नाही यापेक्षा ‘नाही’ म्हणायचा हक्क कोणाच्या हातात आहे, हे बघा. तो तुमच्याकडे असेल तर पैसे घेऊनही हौस टिकते. तो गेला असेल तर फुकट करूनही ती मजुरीच होते. मंडळात अध्यक्षांच्या धाकाने तालमीला येणारी मुलं मी पाहिली आहेत. त्यांना छदाम मिळत नाही, आणि मजाही येत नाही.

सगळे फुकट काम करतात, मग प्रकाशवाल्याला नाईट का देता?

हा प्रश्न दर वर्षी वर्गणी काढताना येतो. नट, दिग्दर्शक, पार्श्वसंगीत बघणारी मुलगी, आम्ही सगळे खिशातून पैसे घालतो आणि आमचा प्रकाशवाला मात्र नाईट, म्हणजे प्रयोगागणिक ठरलेले पैसे, घेऊन जातो, हे नव्या पोरांना टोचतं.

तो दिवसा घरांचं वायरिंग करतो. आमच्याकडे ज्या रात्री येतो, त्या रात्री दुसरीकडचं मांडवाचं काम सोडून येतो. माझा पगार महिन्याच्या एक तारखेला बँकेत जमा होतो, त्याचा होत नाही. माझ्या हौसेसाठी त्याने आपला रोज बुडवावा असं म्हणायला मला तोंड नाही.

पण हिशेब इथे संपत नाही, म्हणून एक रात्र सांगतो. मागच्या स्पर्धेच्या वेळी रंगीत तालीम साडेअकराला आटोपली. आमच्या शेवटच्या प्रवेशात पहाट होते, आणि ती पहाट भर दुपारसारखी पिवळीधमक दिसत होती. दिग्दर्शक म्हणाला, चालेल. प्रकाशवाला काही बोलला नाही. त्याने शिडी लावली, वर चढला, स्पॉटवरचं जिलेटिन, म्हणजे रंगीत पारदर्शक कागद, काढला, गुलाबी आणि फिकट निळा एकावर एक धरून बघितला. खाली उतरला, डिमर अर्ध्यावर आणला, मधल्या रांगेत जाऊन बसला, डोळे बारीक केले, पुन्हा वर चढला. असं चार वेळा. मी शिडी धरून उभा होतो. त्याच्या टाचांना चुना लागलेला, बहुधा दिवसा कुठल्या तरी नव्या घरात काम करून आलेला. एक वाजून गेल्यावर तो शिडीवरूनच म्हणाला, “आता बघा. आता कोंबडं आरवंल.”

आणि खरंच, भिंतीच्या कडेने उजाडत होतं.

त्या दीड तासाचे पैसे त्याने मागितले नाहीत. आम्ही दिले, त्याने न मोजता खिशात घातले. आमच्या सगळ्यांत एकटा तोच कामावर आलेला होता, आणि त्या रात्री सगळ्यात जास्त हौसही त्यानेच केली. ‘त्याला आवड आहे म्हणून नाईट जरा कमी द्या’ असं कोणी म्हणालं की मला संताप येतो. आवड त्याची स्वतःची आहे. तिच्यावर आम्ही सूट मागायची नसते.

एवढं चांगलं करता, मग पूर्णवेळ का नाही करत?

कौतुक म्हणूनच विचारतात, त्यामुळे राग येत नाही. पण या प्रश्नात एक समजूत लपलेली असते, की चांगलं जमत असेल तर ते विकायलाच हवं.

काहींनी उडी घेतली. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन होते. चाळिशी ओलांडल्यावर, १९६९ साली, वैद्यकी सोडून ते पूर्णवेळ नाटकात आले. त्या उडीचं मोठेपण आहेच. पण ती घेण्याआधी कित्येक वर्षं ते नोकरी-व्यवसाय सांभाळून नाटक करत होते, हे सांगताना लोक विसरतात.

तुम्हाला उडी घ्यायची असेल तर आधी एक गोष्ट समजून घ्या. व्यावसायिक रंगभूमीवर बहुतेकांना महिन्याचा पगार नसतो, प्रयोगागणिक नाईट असते. प्रयोग झाला तर पैसे, नाही तर नाहीत. पाऊस, परीक्षा, निवडणूक, क्रिकेटचा सामना, सगळ्याचा फटका बुकिंगला बसतो. मार्च २०२० मध्ये नाट्यगृहं बंद झाली तेव्हा पडद्यामागच्या कामगारांच्या घरी एका दिवसात आवक थांबली. तेव्हा निदान सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला असल्याशिवाय नोकरी सोडू नका, असं मी तालमीतल्या मुलांना सांगतो. आणि उडी घेतलीत तर तालमीव्यतिरिक्त आठवड्यातले किती तास फोन, प्रवास आणि वाट बघण्यात जाणार याचाही अंदाज घ्या. ते तास कोणी मोजत नाही.

मी नाही सोडली नोकरी. मला माझं नाटक कोणाच्या बुकिंगवर टांगायचं नव्हतं.

नोकरी सांभाळून केलेलं काम दुय्यमच राहतं ना?

१६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग झाला. तो करणारी संस्था हौशी होती. दिग्दर्शक जब्बार पटेल दौंडला डॉक्टरकी करत होते, नाना फडणवीस उभे करणारे मोहन आगाशे मानसोपचाराचे डॉक्टर. नाटकावर वादळ उठलं, संस्थेने प्रयोग थांबवले, तेव्हा त्या मंडळींनी बाहेर पडून १९७३ साली थिएटर अकॅडमी काढली आणि नाटक चालू ठेवलं. १९८० मध्ये ते युरोपला गेलं.

एखाद्या धंदेवाईक निर्मात्याने तेव्हा ते धाडस केलं असतं का, माहीत नाही. पोट त्यावर नव्हतं म्हणून ही मंडळी वाद अंगावर घेऊ शकली, असं मला मनापासून वाटतं. हौसेचं हे बळ कोणी फारसं बोलून दाखवत नाही.

घरचे म्हणतात, वेळ वाया घालवतोस. त्यांना काय सांगू?

आधी ते काय म्हणतात ते ऐका. माझ्या घरी मी ते उशिरा ऐकलं.

तालमीहून परत येतो तेव्हा ओट्यावर ताट झाकून ठेवलेलं असतं. आमटीच्या वाटीवर दुसरी वाटी, पोळ्या फडक्यात. ते झाकणाऱ्या हातांचा हिशेब मी पहिली दहा वर्षं केला नाही. माझ्या हौसेला पैसे लागत नाहीत असं मी अभिमानाने सांगायचो. खरं तर तिची किंमत माझी बायको रोज भरत होती, मुलाचा अभ्यास घेऊन, सासऱ्यांची औषधं देऊन, गॅसवाल्यासाठी थांबून. हौस म्हणजे मोकळा वेळ, आणि एकाच्या मोकळ्या वेळाखाली बहुतेक वेळा दुसऱ्या कोणाचं तरी काम असतं. आता तालमीच्या काळात रविवारचा पूर्ण स्वयंपाक माझ्याकडे असतो आणि तिच्या भजनी मंडळाच्या गुरुवारी तालीम ठेवायची नाही असा नियम आहे. दिग्दर्शक कुरकुरला. नियम राहिला.

बायकांसाठी हे आणखी अवघड. आमच्यातली एक नटी संवादांची पानं ओट्यावरच्या फरशीला चिकटवते. एकदा तिचं पान माझ्या हातात आलं. कडेला पिठाची बोटं उमटलेली, एका वाक्यावर हळदीचा डाग, आणि पेन्सिलीने लिहिलेलं: ‘इथे थांबायचं. श्वास.’ चपात्या लाटता लाटता तिने तो थांबा शोधला होता. प्रयोगात त्या जागी ती थांबली तेव्हा सगळं नाट्यगृह थांबलं.

आपल्याकडच्या बायकांनी कामातच हौस शोधली, कारण वेगळा वेळ कोणी दिलाच नाही. जात्यावरच्या ओव्या बघा. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी महाराष्ट्राच्या गावोगावी फिरून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा करून ठेवल्या. पहाटे दळण दळताना बाया गायच्या ते जातं हलकं व्हावं म्हणून, आणि जे दिवसा कोणाला सांगता येत नाही ते सांगावं म्हणून. बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. शेतात आणि घरात राबताना त्या गाणी रचत गेल्या, जवळच्यांनी ती टिपून ठेवली, आणि त्यांचा संग्रह निघाला १९५२ साली, त्या गेल्यानंतर. याला काम म्हणायचं की हौस? मला ते वेगळं काढता येत नाही. पण यावरून ‘बायकांना काम करता करता जमतं की’ असा निष्कर्ष कोणी काढला तर तो अन्याय आहे. जातं थांबवून बसायला मिळालं असतं तर त्यांनी आणखी काय काय रचलं असतं.

शेतकरी, मजूर नाटक करतात ते हौशी की व्यावसायिक?

ही चौकट शहरातली आहे. गावाकडे ती लागू करायला गेलं की फाटते.

गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या पट्ट्यातली झाडीपट्टी रंगभूमी घ्या. धान घरात आलं, दिवाळी झाली की गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाच्या नाटक मंडळ्या गावोगाव निघतात. रात्री सुरू झालेलं नाटक उजाडेपर्यंत चालतं. भोवती मंडई म्हणजे तिकडची जत्रा, कुठे शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत, पाहुण्यारावळ्यांनी घरं भरलेली. तिकीट लावलेलं असतं, कलाकारांना मोबदला मिळतो, आणि मोसम सरला की यातले बरेच जण पुन्हा शेतावर. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा उरलेल्या महाराष्ट्राने या रंगभूमीकडे जरा वळून पाहिलं. मला हे फार उशिरा झालं असं वाटतं.

कोकणातला दशावतारही तसाच. पावसाळ्यात भात लावणारे हात जत्रांच्या दिवसांत राजाचा मुकुट चढवतात. लिहिलेली संहिता नसते. पेटी-पखवाजाच्या साथीवर संवाद जागच्या जागी उभे राहतात. आपला पेटारा आपण वाहायचा, तोंडाला रंग आपला आपण लावायचा. त्यात कष्ट आहेत, पैसा आहे, देवाची सेवा आहे आणि निव्वळ आनंदही आहे. यातलं एक उपसून बाजूला ठेवलं तर दशावतार उरणार नाही.

कलेच्या पैशाला इतकी वेगवेगळी नावं का?

गवयाला आणि कीर्तनकाराला बिदागी, वक्त्याला मानधन, नटाला नाईट, तमाशाच्या फडाला सुपारी आणि फडातल्या कलावंताला उचल. नारायणगावला पाडव्याच्या सुमारास राहुट्या लागतात. गावोगावचे लोक येऊन यात्रेसाठी फड ठरवतात, तेव्हा हे शब्द उघड्यावर, मोकळेपणाने बोलले जातात. मात्र उचल म्हणजे आगाऊ घेतलेली रक्कम, आणि ती फेडेपर्यंत कलावंत त्या फडाशी बांधलेला. नाव कलेचं असलं तरी रीत वेठीला लावणाऱ्या कर्जाची.

मानधन हा शब्द मला आवडतो आणि त्याची भीतीही वाटते. ‘मान’ आधी आहे, म्हणून ‘धन’ मागायला माणूस लाजतो. राज्य सरकार वृद्ध कलावंतांना दरमहा जे ५,००० रुपये देतं त्यालाही मानधनच म्हणतात. ज्यांनी चाळीस-पन्नास वर्षं राबून लोकांना हसवलं-रडवलं त्यांना पेन्शन हा शब्द का नको?

लोक फुकट बोलावतात, “तुम्हाला प्रसिद्धी मिळेल” म्हणतात. काय करावं?

आमच्यावर आलेला प्रसंग सांगतो. साठ किलोमीटरवरच्या एका संस्थेचा वर्धापनदिन होता. प्रवासखर्च देतो, मानधनाचं नंतर बघू, असं फोनवर ठरलं. आम्ही नऊ जण आणि सेट, टेंपो करून गेलो. विंगा नव्हत्या, माईक एकच. तरी प्रयोग चांगला झाला, लोक उठले नाहीत. नंतर शाल-श्रीफळ झालं. आम्ही सेट उतरवत होतो आणि समोरच मांडववाल्याला, आचाऱ्याला, साउंडवाल्याला रोख पैसे मोजून दिले जात होते. आमच्याकडे वळून कार्यकर्ते हसत म्हणाले, “तुम्ही काय, हौशी माणसं. तुम्हाला पैशाचं काय!” टेंपोचे साडेचार हजार आम्ही नऊ जणांनी वाटून भरले. त्यातल्या दोघा कॉलेजच्या पोरांनी त्यासाठी महिन्याचा डबा बंद केला, हे मला नंतर कळलं. ती गोष्ट मी अजून विसरलेलो नाही.

तेव्हापासून आमची रीत अशी. येणारा प्रयोग फुकट करायचा की नाही हे आम्ही ठरवतो, बोलावणारा नाही. अनाथाश्रम, गावची शाळा, पूरग्रस्तांसाठी मदतनिधी, तिथे आनंदाने फुकट जातो. पण ज्या कार्यक्रमात मांडववाल्याला पैसे मिळणार आहेत, तिथे आम्हालाही मिळाले पाहिजेत. गाडीभाडं, जेवण आणि तांत्रिक बाजूच्या माणसांची नाईट हे तिन्ही आधी, लेखी. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘ठरल्याप्रमाणे’ एवढं लिहून घेतलं तरी पुष्कळ काम होतं.

रक्कम सांगताना जीभ अडखळते.

सगळ्यांचीच. आधी कागदावर खर्च लिहा: गाडी, सेटची वाहतूक, रंगभूषा, प्रकाश, ध्वनी, लेखकाचं मानधन. त्याखाली स्वतःचे तास लिहा. बेरीज बघितली की आवाज आपोआप स्थिर होतो. आणि रक्कम सांगून झाल्यावर गप्प बसा. “जास्त वाटत असेल तर बघू” हे वाक्य समोरच्याने विचारायच्या आधीच आपण म्हणून टाकतो, तिथेच घात होतो.

हौशी लोक फुकट करतात म्हणून व्यावसायिकांचं पोट मारलं जातं का?

कधी कधी, हो. गणेशोत्सवात जिथे दर वर्षी एखादा व्यावसायिक प्रयोग व्हायचा, तिथे ‘आमचीच पोरं करतील’ म्हणून आम्हाला फुकट उभं केलं तर कोणाची तरी नाईट गेलेली असते. आम्ही अशा ठिकाणी आधी विचारतो, मागच्या वर्षी कोण आलं होतं? हे सगळीकडे जमतं असं नाही. पण विचारत राहिलं पाहिजे.

हौशी आहोत, मग लेखकाची परवानगी कशाला?

कायद्यात हौशी मंडळांना एक सवलत खरंच आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हौशी संस्थेने फुकट आलेल्या प्रेक्षकांपुढे किंवा धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी प्रयोग केला तर तो हक्कभंग ठरत नाही. तिकीट लावलं की चित्र बदलतं, आणि लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत हक्क त्याच्या वारसांकडे असतो. राज्य नाट्य स्पर्धेला तर लेखकाचं परवानगीपत्र आणि परिनिरीक्षण मंडळाचा, म्हणजे संहिता आधी तपासणाऱ्या सरकारी मंडळाचा, दाखला लागतोच.

पण सवलत आहे म्हणून घ्यायची असं नाही. लेखकाने ते नाटक एकट्याने बसून लिहिलेलं असतं, त्याला ना तालमीतला चहा मिळाला, ना टाळ्या. फोन करा, पत्र घ्या, झेपेल तेवढं मानधन पाठवा. आम्ही एकदा एका वयस्कर लेखकांना मनीऑर्डर केली होती. त्यांचं उलट पोस्टकार्ड आलं, त्यात प्रयोगाबद्दल अकरा प्रश्न होते. ते कार्ड मंडळाच्या कपाटात आहे.

स्पर्धेमुळे हौस मरते का?

राज्य नाट्य स्पर्धा १९५४ पासून चालू आहे आणि तिने जिल्ह्याजिल्ह्यातून माणसं घडवली. स्पर्धा नसती तर आमचं मंडळ कधीच बंद पडलं असतं. तारीख ठरलेली असते म्हणून पाठांतर होतं, कर्ज काढून का होईना सेट उभा राहतो.

तरी एक खंत आहे. दोन-अडीच महिने तालीम, प्राथमिक फेरीत एक प्रयोग, निकाल, आणि नाटक संपलं. सेट कोणाच्या तरी गोठ्यात. प्रेक्षकांत निम्मे इतर संघांचे लोक, वह्या घेऊन बसलेले. परीक्षकांना काय आवडेल याचा विचार तालमीत शिरला की बालवाडीतल्या त्या प्रशस्तिपत्रासारखं होतं. माझा एक जवळचा मित्र, फार तरल नट, सलग तीन वर्षं पारितोषिक हुकल्यावर यायचाच बंद झाला. त्याला नाटक नको झालं नव्हतं, निकाल नको झाला होता. आम्हाला ते वेळेवर कळलं नाही.

आता आम्ही स्पर्धेआधी एक प्रयोग आजूबाजूच्या एखाद्या गावात करतो. देवळासमोर, बाया-पोरं-म्हातारी समोर बसलेली. तिथे कोणी गुण देत नाही. तिथे जिथे हशा येतो ती जागा आम्ही स्पर्धेतही तशीच ठेवतो.

प्राप्तिकर, जीएसटी वगैरे?

मानधन हे उत्पन्नच आहे, विवरणपत्रात दाखवायचं. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. मंडळाचं खातं वेगळं ठेवा, एकाच्या वैयक्तिक खात्यावर सगळं फिरवू नका. बाकी तुमच्या सीएंना विचारा.

मुलीला नाट्यशिबिरात घालतोय. पुढे करिअर होईल ना?

ती आठ वर्षांची आहे. तिला घोडा होऊ द्या, झाड होऊ द्या, दोन दिवस नुसतं बसू द्या. शिबिर संपल्यावर “काय शिकलीस, करून दाखव” म्हणून पाहुण्यांपुढे उभं करू नका.

कंटाळा आला तर थांबलं तर चालतं का?

चालतं. मी मधे दीड वर्ष थांबलो होतो. वडील आजारी होते, आणि खरं सांगायचं तर मलाही काही सुचत नव्हतं. मंडळाने रागावून घेतलं नाही. पाच नोव्हेंबरला, रंगभूमी दिनी, भावे नाट्यमंदिराबाहेर सगळे भेटले तेव्हा कोणी “कधी येतोस?” असंही विचारलं नाही. फक्त चहा पाजला. जानेवारीत मी आपण होऊन गेलो. पैसे घेऊन करत असतो तर हे दीड वर्ष मला मिळालं नसतं.

पण प्रयोगाच्या आठ दिवस आधी थांबू नका. तेव्हा तुमच्या हौसेवर दहा जणांची हौस उभी असते.

मला तालमीला यायचंय. काय लागेल?

रात्री साडेआठला या, म्युनिसिपालिटीच्या शाळेतला मागचा हॉल. अभिनयाचा अनुभव नको. वर्गणी जमेल तेव्हा. मोबाईल खिडकीच्या कट्ट्यावर ठेवायचा. नव्या माणसाने पहिल्या दिवशी हॉल झाडायचा असतो, बाकं भिंतीला लावायची, आणि खडूने जमिनीवर सेटच्या रेघा मारायच्या: इथे दार, इथे खिडकी, इथे पायऱ्या. झाडू दाराच्या मागे आहे. खडू कमी पडला तर पाचवीच्या वर्गातला घेऊ नका, त्यांच्या बाईंना सकाळी कळतं.